देव मुद्देमालात होता ते वर्ष

अंकाच्या संपादकांनी माणूस पाठवला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही पोलिसात होतात, खुनाबिनाचं काहीतरी खमंग लिहा." मी त्याला सांगितलं, बाबा रे, खून मी एकही पाहिला नाही. खुनातले कोयते पाहिले. ते माझ्या फळीवर असायचे.

मी पोलीस नव्हतो. पट्टा, टोपी, दंडा, काही नाही. मी रत्नागिरीच्या ठाण्यात मुद्देमालाचा कारकून. शिक्षण मराठी चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. अक्षर मात्र बरं होतं. यंदा आषाढात आमची ही गेली, जानकी. घरात आता बोलायला भिंती आहेत, आणि भिंतींना माझ्या गोष्टी पाठ झाल्यात. म्हणून लिहितो. रडगाणं मला लिहिता येत नाही. ज्याला रडायचं असेल त्याने पुढचं पान उलटावं.

मुद्देमाल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गुन्ह्याच्या तपासात फौजदार जी जी वस्तू ताब्यात घेतो ती मुद्देमाल. पंचांसमोर पंचनामा करायचा, वस्तूला चिठ्ठी बांधायची, दोऱ्यावर लाख ओतून शिक्का मारायचा आणि वस्तू माझ्या खोलीत आणून टाकायची. खटला संपेपर्यंत ती जशी आली तशी राहिली पाहिजे. लाखेचा टवका उडाला तरी आरोपीचा वकील आनंदाने नाचतो. फौजदार चोर पकडतो, मॅजिस्ट्रेट शिक्षा देतो, आणि मधल्या काळात ते चोरीचं सामान उंदीर, वाळवी आणि हवालदार यांच्यापासून कोण राखतो? मी.

कोयता राखणं सोपं. फणस राखून दाखवा.

एकाने दुसऱ्याच्या झाडाचा फणस उतरवला, दोघांची जुनी खुन्नस, फिर्याद झाली. नवीन हवालदार होता, त्याने फणस जप्त केला. पंचनाम्यात लिहिलं, 'फणस एक, जात कापा, लहान मुलाएवढा.' मी त्याला लाख लावली. चार दिवसांत सगळ्या ठाण्याला वास सुटला. फिर्यादी लोक तक्रार सांगता सांगता मध्येच थांबून नाक वर करायचे. मुंग्या आल्या, माश्या आल्या, शेवटी तालुक्याचे मोठे कारकून आले, सहज म्हणून. तारीख पडता पडता खटला उभा राहिला तेव्हा माझ्याकडे एका पिशवीत आठळा उरल्या होत्या. वकील म्हणाला, "हा फणस कापा नव्हे, बरका होता. माझ्या अशिलाचा याच्याशी संबंध नाही." मॅजिस्ट्रेटनी पिशवीत डोकावून मला विचारलं, "हा फणस?" मी म्हटलं, "होता, साहेब." निकालानंतर हुकूम निघाला की मुद्देमाल नष्ट करण्यात यावा. तो हुकूम आमच्या हिने चुलीत आठळा भाजून बजावला.

जिवंत मुद्देमाल खोलीत ठेवता येत नसे. बकरी, कोंबडी, एकदा माकड. ते सगळं माझ्या घरी जायचं, सुपूर्तनाम्यावर. म्हणजे सरकारचा माल अमक्याच्या ताब्यात दिला, तो मागाल तेव्हा जसाच्या तसा हजर करीन, असा कागद. मी पडलो सरकारी नोकर, माझ्या नावावर चालत नसे, म्हणून कागद हिच्या नावावर. हिला अक्षरओळख नव्हती. अंगठा द्यायची. पण असा ऐटीत द्यायची की जणू सनदेवर मोहोर उठवते आहे. झुंजीचा एक कोंबडा हिने असाच पाळला आणि कोर्टात काखेत मारून नेला. वकील साक्षीदाराला "तुम्ही धडधडीत खोटं बोलताय" म्हणाला की कोंबडा आरवायचा. वकिलाने शेवटी अर्ज केला की मुद्देमालाला गप्प बसवावं. ही तिथल्या तिथे मॅजिस्ट्रेटना म्हणाली, "तो आरवला नाय तर तुमीच म्हनाल कोंबडा बदलला." साहेब हसले. त्या दिवसापासून कोर्ट हिला ओळखायला लागलं.

आता मुख्य गोष्ट.

लांज्याच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तेव्हाच्या माणसांची नातवंडं अजून याच्यावरून भांडतात. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. वरच्या वाडीचे प्रमुख आबा, खालच्या वाडीचे नाना. गावचा देव रवळनाथ. शिमग्यात देवाचं चांदीचं रूप, म्हणजे मुखवटा, पालखीत लागतं आणि पालखी खांद्यावर घेऊन गावभर नाचवतात, घरोघर नेतात. मुंबईचे चाकरमानी आगबोटीने उलट्या करत येतात ते त्यासाठी. तर त्या वर्षी पालखी उचलायच्या वेळी पहिला खांदा आबांचा की नानांचा, यावरून जुंपली. ढोलाच्या टिपऱ्यांनी डोकी फुटली.

आमचे फौजदार घाटावरचे होते. तपासाला कडक, तोंडाने त्याहून कडक, आणि कोकणातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. ते गावात पोचले आणि विचारलं, "भांडण कशावरून?"

लोकांनी पालखीकडे बोट दाखवलं.

"मग हेच उचला," फौजदार म्हणाले.

अशी पालखी, फुटका ढोल, अब्दागीर आणि देव, सगळं रत्नागिरीला माझ्या दारात आलं. पंचनामा मी पाहिला तेव्हा मला घाम फुटला. 'मुद्देमाल नंबर चार. चेहरा एक, चांदीचा, पुरुष जातीचा. मिशा आहेत, पिळदार. नजर रोखलेली.' खाली पंचांनी भांडून एक ओळ घालायला लावली होती, 'सदर इसम हे देव आहेत.'

मी नंबर चारच्या कानातल्या भोकात दोरा ओवून चिठ्ठी बांधली, पाठीला लाख लावली आणि फळीवर खिडकीकडे तोंड करून ठेवलं. दुसरीकडे जागा नव्हती. एका अंगाला खुनातला कोयता, दुसऱ्या अंगाला हातभट्टीच्या दारूचं मडकं.

दुसऱ्या दिवशी देवाचा गुरव चालत आला. भिकू गुरव. म्हातारा, वाळलेल्या पडवळासारखा, काखेत तेलाची बाटली. खिडकीच्या गजातून आत बघितलान् आणि जो ओरडला की फौजदारांचा चहा सांडला.

"माज्या देवाच्या कानाला चिठ्ठी बांधलास रे मेल्या! आनि बाजूक दारू!"

मी म्हटलं, "भिकूदादा, नियम आहे."

"नियम तुज्या घरी. रोज सांजेला त्याला दिवा लागतो. माज्या आज्याने लावला, बापाने लावला. आज कोन लावनार, हा कोयता?"

खोलीत दिवा लावायला बंदी, कारण आत दारू, गवत, कपडे. शेवटी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर दिवा लावायचा असं ठरलं. कोणी ठरवलं? आमच्या हिने. ती मला डबा घेऊन आली होती, म्हाताऱ्याला बघितलं आणि पदर खोचून म्हणाली, "खिडकीच्या भायेर सरकार नाय." दारूचं मडकंही मला हलवायला लावलं. भिकू रोज काही लांज्याहून येऊ शकत नसे. तो नसेल तेव्हा दिवा हीच लावायची. संध्याकाळी मी विचारायचो, "कुठे गेलीस?" तर म्हणायची, "चार नंबराकडे."

बातमी पसरायला कितीसा वेळ? आठवड्याभरात त्या गावची माणसं बाजारहाटाला आली की ठाण्याला वळसा घालून खिडकीशी यायला लागली. मग शेजारच्या गावांची. नारळ फुटायला लागले. शिरणीचे, म्हणजे प्रसादाच्या खोबऱ्याचे, तुकडे हवालदारांना मिळायचे. एक हवालदार तर इतका सुटला की त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. एक म्हातारी माझ्याकडे मुद्देमाल खोलीत नवसाची घंटा टांगायची परवानगी मागायला आली. मी सांगितलं, टांगलीस तर तिलाही नंबर पडेल.

आणि भिकू आला की गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं म्हणजे एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. भिकूचा आवाज म्हाताऱ्या अंगात कुठे मावायचा देव जाणे.

"बा देवा म्हाराजा, आज तू परक्या घरात बसलास!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीजवळचे लोक म्हणायचे.

"तुज्या कानाला दोरा बांधलान्, तुज्या पाठीला लाख लावलान्!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या फौजदाराने तुला हितं आनलान् त्याला चांगली बुद्धी दे, आनि लवकरात लवकर त्याची बदली कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" या वेळी आवाज दुप्पट झाला. फौजदार तरातरा बाहेर आले. सगळे हवालदार आभाळाकडे बघत होते.

"कोण 'व्हय' म्हणालं? कोण म्हणालं?"

तेवढ्यात कोठडीतून आरोपींचा आवाज आला, "आमी नाय, सायेब!"

फौजदारांनी खिडकी बंद करायचा हुकूम दिला असता. पण त्याच सुमारास एक गंमत झाली. एक भांडीचोर होता. फौजदारांनी त्याला सगळं करून पाहिलं, गोड बोलून, ओरडून. तो ढिम्म. त्याला कोर्टात न्यायला अंगणातून चालवत होते. खिडकीशी भिकू वात वळत बसला होता. तो सहज म्हणाला, "बगतोय हां तो." चोराने खिडकीत बघितलं. आत रोखलेली नजर, पिळदार मिशा. चोर मटकन खाली बसला आणि हंडा कुठल्या विहिरीत टाकलाय ते सांगून मोकळा झाला.

 दुसऱ्या दिवशी फौजदारांनी आपलं टेबल खिडकीजवळ हलवायला सांगितलं, 'उजेड बरा आहे' म्हणून. त्यानंतर सगळ्या जबान्या तिथे. फिर्यादी येऊन सांगायचा, "सायेब, त्याने माजी सगळी सुपारी तोडलान्," आणि मग खिडकीकडे नजर गेली की, "सगळी नाय... थोडी... तशी ती त्याचीच होती." साक्षीदार खोटं बोलायला तोंड उघडायचे आणि खोकायला लागायचे. त्या वर्षी आमच्या ठाण्याचे गुन्हे असे सुटत गेले की वरून शाबासकीचा कागद आला. फौजदार टेबलाशी बसताना बूट काढून ठेवायला लागले. विचारलं तर म्हणायचे, पायाला हवा लागावी म्हणून.

आता बघा काय झालं. ज्या माणसाने देवाला चांदीचा चेहरा म्हणून उचलून आणलं, त्याला आता देव सोडवेना.

इकडे दुसरा शिमगा जवळ आला. खटला तारखांत अडकलेला. भिकू रत्नागिरीतच येऊन राहिला आणि रोज यायला लागला. एकदा आमच्या ओटीवर बसला आणि पेजेची वाटी हातात धरून नुसताच राहिला. ही म्हणाली, "जेवा वो म्हातारबा, थंड होते."

"बाय," तो म्हणाला, "मागल्या वर्साला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली नाय. ह्या वर्साला देवच नाय. माज्या बापाच्या हातून शिमगा चुकला नाय, आज्याच्या हातून चुकला नाय. मी आता किती दिवसांचा? वर गेल्यावर ते दोगे इचारतील, भिकू, देव कुठं ठेवून आलास? मी काय सांगू? फळीवर?"

 रात्री हिने भांडी घासताना इतकी आपटलीन् की मला कळलं, आता मी मधे पडण्यात अर्थ नाही.

शिमग्यापुरता देव सोडावा म्हणून गावाने अर्ज केला. मॅजिस्ट्रेट माणूस चांगला होता. म्हणाले, "सोडतो. कोणाच्या ताब्यात देऊ?"

आबा उठले. "माज्या घरी द्या, सायेब."

नाना म्हणाले, "त्यापरीस देव ठान्यात बरा."

"मग नानांच्या घरी?"

आबा म्हणाले, "त्यापरीस समुद्रात बरा."

तलाठी सुचवला, तो आबांचा व्याही निघाला. शाळामास्तर सुचवला, तर आबांकडचे ओरडले, "तो नानांकडे जेवतो!" फौजदार पुढे होऊन म्हणाले, "साहेब, माझी नम्र विनंती, मुद्देमाल ठाण्यातच सुरक्षित आहे." मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "फौजदार, तुम्हाला का एवढा लळा लागला?"

मागून भिकूचा आवाज आला, "कारकूनबायला द्या!"

सगळं कोर्ट हसलं. मग हसता हसता थांबलं. आबांनी नानांकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा दोघांचं एकमत होताना मी पाहिलं.

"चालंल," आबा म्हणाले. "बाईमानसाला पालखीत मान नाय. म्हंजे कोनाचा मान जात नाय."

"बरोबर," नाना म्हणाले.

हिला बोलावणं गेलं. आली, हात पुसत. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाई, मुद्देमाल जसा आहे तसा परत आणाल?"

"कोंबडा आनला नव्हता?" ही म्हणाली.

साहेबांनी दोन अटी घातल्या. मुद्देमाल सतत नजरेसमोर ठेवायचा, आणि ज्याच्या हाती द्याल त्याची पोच घ्यायची. हिने अंगठा दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ती शाईची गादी घ्या बरोबर. आनि कोरे कागद."

मी रजा काढली. पालखी आणि बाकी सामान एका गाडीत, आम्ही दुसऱ्या. देव हिच्या मांडीवर, सुपात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. वाटभर ती मला काय काय लिहायचं ते सांगत होती आणि मी खड्ड्याखड्ड्याला शाई सांडत लिहीत होतो. फौजदार बंदोबस्ताला म्हणून मागून आलेच.

गावाच्या वेशीवर ढोल सुरू झाले. बायका रडत होत्या, म्हातारे उड्या मारत होते, चाकरमानी मुंबईच्या टोप्या हवेत फेकत होते. भिकूने देवाला पालखीत लावलान्, फुलं घातलीन्. कानातली चिठ्ठी कापायला हात पुढे केला तर ही म्हणाली, "दोरा सुटता नये." तसा आमचा रवळनाथ अबोलीच्या वळेसराच्या माळेत बसला, कानाला 'नंबर चार' लटकवून.

पालखी सहाणेवर होती. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. एका बाजूला आबांची माणसं, दुसऱ्या बाजूला नानांची. ढोल थांबले.

"पयला खांदा आमचा," आबा म्हणाले.

"आमचा," नाना म्हणाले. मागच्या पोरांच्या हातात टिपऱ्या वर आल्या. फौजदारांनी शिट्टी तोंडात धरली. मी मनात म्हटलं, झालं, आता पुढच्या शिमग्यापर्यंत पुन्हा माझ्या फळीवर.

ही चौथऱ्यावर चढली आणि पालखीशेजारी फतकल मारून बसली. मांडीवर शाईची गादी. "ज्याचा पयला खांदा," ती म्हणाली, "त्याने पयला अंगठा द्यायचा. सरकारची अट हाय."

आबा छाती काढून पुढे आले. अंगठा शाईत बुडवलान्.

"थांबा. अवो, वाचून दाखवा त्यांना."

मी वाचलं. " 'सदर मुद्देमाल आज मी माझ्या ताब्यात घेतला. नाचवताना रूपाला पोचा पडल्यास, मिशी वाकडी झाल्यास, दोरा तुटल्यास अगर लाख उडाल्यास, खाली अंगठा करणार हा एकटा सरकारला जबाबदार राहील.' "

आबांचा अंगठा हवेतच राहिला. शाईचा थेंब धोतरावर पडला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, पालखीकडे बघितलं. अंगावर एक खटला होताच.

"नानानू," आबा हळूच म्हणाले, "तसा खालच्या वाडीचा मान जुना."

नाना एक पाऊल मागे. "छे छे! आबानू, तुमी वयाने थोरले."

"वयाचं काय? माजा आजा म्हनायचा, पयले नानाचे."

"माजा आजा म्हनायचा, आबांच्या पुढं जाऊ नुको."

"मी तुमचा अपमान करनार नाय."

"मी तुमचा करू काय?"

ज्या खांद्यासाठी डोकी फोडली, तो खांदा दोघं गरम भांड्यासारखा एकमेकांकडे ढकलत होते. ढोलवाले हसून हसून ढोलावर पडले. बायका पदर तोंडात कोंबत होत्या. आणि फौजदारांच्या तोंडात शिट्टी होती, ती त्यांच्या हसण्याने आपोआप वाजायला लागली, फुर्र फुर्र फुर्र.

भिकू मात्र हसत नव्हता. तो पुढे आला. "आना ती शाई," म्हणाला. कागद ऐकला नाही, विचारलं नाही. अंगठा असा दाबलान् की कागदाला भोक पडायचं बाकी. मग पुढचा दांडा खांद्याला लावला.

मागचा दांडा मोकळा. कोणी हलेना. हिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "अगो, मी सरकारी नोकर."

"मग ऱ्हावा सरकारात," ती म्हणाली. पदर कमरेला खोचला आणि मागचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतलान्.

बाईने पालखीला खांदा दिल्याचं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. मागून एक म्हातारी किंचाळली, "अगो, बाईमानूस!" दुसरी म्हातारी खेकसली, "देवाला चाललं, तुला काय झालं?" पालखी उठली. भिकू उंच, आमची ही बुटकी. पालखी मागे कलली, फुलं घसरली, त्यांच्यामागून देव घसरायला लागला आणि हिने डोकं पुढे करून त्याला कपाळाने थोपवलं. तशीच उभी राहिली, कपाळाला कपाळ लावून, आणि ओरडली, "मिशी! मिशी वाकडी होईल!"

"देव पडला!" म्हणत आबा आणि नाना दोघंही झेपावले. दोघांनी मागचा दांडा एकदम धरला. आधी कोणाचा हात लागला ते मी अगदी समोर असून मला सांगता येणार नाही. फौजदारांनाही नाही. आबा-नानांची नातवंडं भांडतात ती त्यावरूनच.

मग ढोल जे सुटले! पालखी नाचली, गिरकी घेतली, कुणाकुणाचे खांदे लागले त्याची गणती नाही. ही मागून धावतेय, एका हातात शाईची गादी, दुसऱ्या हातात लुगड्याचा सोगा, "मिशी सांभाळा! दोरा सांभाळा!" आणि पोरंटोरं तिच्या मागून त्याच चालीवर, "मिशी सांभाळा, व्हय म्हाराजा!" घरोघर असंच. सतत नजरेसमोर ठेवायची अट होती, ती तिने शब्दशः पाळली. कुणाच्या ओटीवर पालखी थांबली की हीही थांबायची, आणि घरवाली देवाची ओटी भरून झाली की हिच्याही हातात नारळ ठेवायची. भिकू रात्री मला म्हणाला, "कारकूनभाऊ, आता मी कदीबी वर जायला मोकळा." मी म्हटलं, "थांब जरा, पोचेवर तुझा अंगठा आहे."

शिमगा झाला. आबा म्हणाले, "बाय, ऱ्हावंदे ना देव. सायेबाला आमी सांगू." ही म्हणाली, "अंगठा दिलाय." आणि नंबर चार परत फळीवर आला. मी तपासून घेतला. दोरा शाबूत, लाख शाबूत, मिशी सरळ. पण मागोमाग आबा नि नाना एकाच गाडीतून कोर्टात आले आणि आमची तडजोड झाली म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी देव कायमचा भिकूच्या ताब्यात दिला. दोरा मी स्वतः कापला. भिकूने देवाचा कान चोळलान्, पोराचा चोळतात तसा.

खिडकी रिकामी झाली आणि लोक पुन्हा मनसोक्त खोटं बोलायला लागले. फौजदारांनी टेबल आत घेतलं, बूट चढवले. पावसाळ्याआधी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा कोठडीतून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

पुढे पुष्कळ वर्षं नोकरी केली. कोयते आले, गेले. तसा मुद्देमाल पुन्हा आला नाही.

त्या गावाहून परत येतानाचं एक सांगायचं राहिलं. गाडीत आम्ही दोघं, देव तिच्या मांडीवर. मी विचारलं, "सगळ्या गावाने त्याच्याकडे काही ना काही मागितलं. तू काय मागितलंस?"

"मी कशाला मागू? तो माज्या ताब्यात होता. मागायचं तर त्याने मागायचं."

"मग त्याने काय मागितलं?"

"गाडी सावकाश हाकायला सांगा म्हनाला. नाचून नाचून त्याचं अंग दुकतंय."

आता ती त्याच्या ताब्यात आहे. मला कोणी विचारलं नाही, पोच दिली नाही, अंगठा घेतला नाही. नेली. पण मुद्देमालाचं काम मी जन्मभर केलं आहे, नियम मला माहीत आहे. जशी आली तशी ठेवायची. बुटकी, तोंडाळ, भांडी आपटणारी. त्यात काही सुधारणा करायला जाऊ नये. मी येईन तेव्हा तपासून घेणार आहे.